जुनी गाडी दाखवायची कुणाला आणि कशी: सोलापूरकरांसाठी टप्प्याटप्प्याने

सोलापुरात जुनी गाडी बिघडली की गोष्ट बहुतेक एकाच वळणाने जाते. ओळखीच्या गॅरेजला गाडी लावायची. मिस्त्री बॉनेट उघडतो, दोनदा रेस देतो आणि म्हणतो, "प्लग-कॉइल टाकून बघू." चार दिवस बरं वाटतं. मग "पंप बघू", मग "सेन्सर असेल", आणि शेवटी "इंजिनच खोलावं लागतंय बघा". तोवर बराच पैसा गेलेला असतो आणि मूळ तक्रार जिथल्या तिथे. यात मिस्त्री लबाड असतोच असं नाही. आपण त्याच्याकडे निदान मागितलेलंच नसतं. "जरा बघा की ओ, संध्याकाळपर्यंत द्या," एवढंच सांगून आपण निघून आलेलो असतो.

बिघाड शोधणं आणि तो दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्हींची मजुरी वेगळी द्यावी, आणि पहिलं संपल्याशिवाय दुसऱ्याला होकार देऊ नये. दहा ते पंचवीस वर्षांच्या घरगुती कारसाठी हे कसं करायचं, ते पुढे क्रमाने दिलं आहे. क्रम मोडू नका. बहुतेक लोक थेट पाचव्या टप्प्यापासून सुरुवात करतात, आणि तिथेच फसतात.

टप्पा १: तक्रार लिहून काढा

"गाडी ओढत नाही", "आवाज येतो", "मिसिंग मारते" एवढ्यावर कुणालाच काही शोधता येत नाही. वहीचं एक पान घ्या आणि पुढच्या गोष्टी लिहा:

- बिघाड इंजिन गार असताना होतो की गरम झाल्यावर? किती वेळ चालवल्यानंतर?
- उभ्या गाडीत, गावातल्या चालीत, की महामार्गावर ऐंशीच्या पुढे?
- एसी चालू असताना, चढावर, की गाडी भरलेली असताना?
- टाकीत इंधन किती होतं, आणि शेवटचं कुठे भरलं?
- हे कधीपासून सुरू झालं, आणि त्याच्या आदल्या आठवड्यात गाडीला कुणी हात लावला होता का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. सर्व्हिसिंग, वॉशिंग, नवीन टेप, सेंट्रल लॉक, बॅटरी बदल, यांतलं काहीही झालं असेल तर लिहा. इंजिनवर पाण्याचा फवारा मारून घेतल्यावर सुरू झालेलं मिसिंग आणि सहा महिन्यांत हळूहळू वाढलेलं मिसिंग यांची कारणं वेगळी असतात.

चांगली नोंद कशी दिसते? "सकाळी पहिल्या सेल्फला चालू. दुपारी एसी लावून अर्धा तास गावात चालवली. सात रस्त्याला सिग्नलवर उभी असताना बंद पडली. सेल्फ फिरतो, पण चालू होत नाही. वीस मिनिटांनी आपोआप चालू झाली." एवढं वाचून जाणता मिस्त्री गरम झाल्यावर दगा देणाऱ्या भागांकडे वळतो: क्रँक सेन्सर, इग्निशन कॉइल, फ्युएल पंप. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ वर गेला की हे भाग आपले रंग दाखवतात. डिसेंबरात तीच गाडी निमूट चालते, म्हणून "दुरुस्त झाली" असं समजू नका.

गाडी बंद पडेल त्याच क्षणी, ढकलायला माणसं बोलवायच्या आधी, चार गोष्टी पाहून ठेवा:

१. सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो का?
२. चावी ऑन केल्यावर इंजिनचा दिवा लागतो का?
३. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन सेकंद घुंss असा पंपाचा आवाज येतो का? (पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांत.)
४. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का?

दिवाच लागत नसेल तर शोध फ्यूज, रिले आणि वायरिंगपासून सुरू होतो. काटा अजिबात हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय जातो. पंपाचा आवाज नसेल तर आधी पंपाचा फ्यूज आणि रिले, मग पंप. गाडी चालू झाल्यावर ही माहिती कुठल्याच गॅरेजात मिळत नाही. ती तुम्हीच गोळा करायची.

आवाजाची तक्रार असेल तर मोबाईलवर व्हिडिओ घ्या: एकदा गार इंजिनला, एकदा गरम झाल्यावर, फोन प्रत्येक बाजूला अर्धा मिनिट स्थिर धरून. गाण्याचा आवाज बंद ठेवा, हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतोय.

टप्पा २: पुरावा पुसू नका

गॅरेजला जाण्याआधी लोक गाडी "नीट" करून नेतात. नेमकं तेच टाळायचं.

- इंजिन धुऊ नका. तेल कुठून झिरपतंय ते धुळीच्या थरावरच दिसतं.
- बॅटरीचा टर्मिनल काढून लावू नका. बऱ्याच गाड्यांत त्याने साठलेले एरर कोड पुसले जातात, आणि कोड पडला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, वेग किती होता, ही नोंदही जाते.
- ऑइल किंवा कुलंट कमी झालं असेल तर भरण्याआधी किती कमी झालं ते लिहा आणि फोटो काढा. मात्र पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर भरल्याशिवाय गाडी चालवू नका.
- "इंजेक्टर क्लीनर", "लीक स्टॉप" अशा बाटल्या ओतू नका. गळती थांबवणारी पावडर रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांतही बसते. मग एक बिघाड शोधताना दोन सापडतात.

इशारा: ब्रेक पेडल खाली जाणं, स्टिअरिंगमध्ये अचानक ढिलेपणा, पेट्रोलचा वास, तापमानाचा काटा लाल पट्टीत, किंवा ऑइलचा लाल दिवा. यांपैकी एकही असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. टोइंग बोलवा किंवा मिस्त्रीला घरी बोलवा.

टप्पा ३: घरची वीस मिनिटांची तपासणी

ही दुरुस्ती नव्हे. मिस्त्रीसमोर रिकाम्या हातांनी जायचं नाही, एवढ्यासाठीच.

रात्री इंजिनखाली रद्दीचे चार-पाच कागद पसरा आणि पुढचं चाक कुठे होतं त्याची खूण करा. सकाळी डाग पाहा. हिरवट, लाल किंवा गुलाबी पाणचट डाग कुलंटचा. तपकिरी-काळा तेलकट इंजिन ऑइलचा. लालसर तेलकट बहुधा पॉवर स्टिअरिंगचा. चाकाजवळ फिकट, बुळबुळीत डाग असेल तर ब्रेक ऑइल, आणि मग वरचा इशारा लागू. एसी चालवल्यानंतरचं स्वच्छ पाणी हे बरोबरच आहे.

इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना चुकूनही नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं आणि उसळून तोंडावर येतं. रेडिएटर काठोकाठ भरलेला हवा. बाजूची बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं दिसलं तर झाकण किंवा बाटलीची नळी आधी तपासायला सांगा. झाकण स्वस्त असतं, आणि त्याच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं.

ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाळ, चिकट थर दिसतो का? पावसाळ्यात फक्त दोन-दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत थोडा थर साध्या वाफेमुळेही येतो. पण मे महिन्यात, रोज लांब चालणाऱ्या गाडीत तो दिसला, आणि कुलंटही कमी होत असेल, तर ऑइलमध्ये पाणी जातंय असा संशय धरायचा.

तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. घ्याच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. हे तीन आकडे वहीत लिहा. जुन्या गाडीतल्या विचित्र तक्रारींपैकी (मीटर बंद-चालू, दिवे मंद, विनाकारण कोड) पुष्कळशा कमजोर बॅटरी, गंजलेले टर्मिनल किंवा सैल अर्थिंग यांवर येऊन थांबतात. बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा धातू यांच्यामध्ये, सेल्फ मारताना, अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थची वायर खराब. एवढ्या एका आकड्याने नवीन सेल्फ मोटरचा खर्च वाचू शकतो.

तपासा: वहीत आता तक्रार, डागांचे फोटो, कुलंट-ऑइलची पातळी आणि बॅटरीचे तीन आकडे आहेत ना? नसतील तर पुढे जाऊ नका.

टप्पा ४: बिघाड कुणाच्या खात्यातला, ते ठरवा

गॅरेजवाला सगळं करतो म्हणतो, पण आतून तोही कामं वाटून देतो. पंप एकाकडे, हेड (इंजिनचा वरचा भाग) लेथवर, वायरिंग दुसऱ्याकडे. कुणाकडे जाणार ते आपल्याला आधीच कळलं तर मधला एक अंदाज वाचतो.

गाडी गरम होणं हीच घ्या, कारण सोलापुरात ती सगळ्यात जास्त ऐकू येते आणि सगळ्यात जास्त चुकीची दुरुस्त होते. कधी गरम होते ते पाहा. सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि पळायला लागली की उतरतो? मग वाऱ्याचा प्रश्न: फॅन, फॅनचा रिले, तापमानाचा स्विच, किंवा एसी कंडेन्सरमध्ये साठलेली धूळ. हे ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम. गावात ठीक, पण तुळजापूरच्या घाटात किंवा महामार्गावर लांब ओढल्यावर काटा चढतो? मग पाण्याचा प्रवाह अपुरा आहे: रेडिएटर आतून चोक, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला, किंवा वॉटर पंप. रेडिएटरवाल्याकडे जा. पाणी कमी होतं, डाग कुठेच नाही, आणि सकाळी पहिल्या सेल्फला पांढरा धूर येतो? तेव्हाच हेड गॅस्केटचा विषय काढायचा.

इथे आपल्या गावाचा एक हातभार आहे. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून अनेक घरांत बोअरचं पाणी, आणि तेच रेडिएटरमध्ये. बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत बसतात आणि काही वर्षांत रेडिएटर निम्मा बंद होतो. त्यात कुणीतरी थर्मोस्टॅट "आपल्याकडे लागत नाही" म्हणून काढून टाकलेला असतो. तो लागतो. थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन ठरलेल्या तापमानाला उशिरा पोचतं, पेट्रोल जास्त खातं, आणि मूळ दोष झाकला जातो. तुमच्या गाडीत तो आहे का, हे मिस्त्रीला विचाराच.

बाकीची खाती थोडक्यात.

काळा धूर, डिझेल गाडी, पिकअप नाही: आधी एअर फिल्टर आणि टर्बोच्या नळ्या, मग पंप-नोझलवाला. डिझेल सकाळी खूप सेल्फ खाते: ग्लो प्लग, किंवा नळीतून एअर घेते. निळा धूर सकाळी पहिल्या मिनिटात: व्हॉल्व्हची सील. निळा धूर प्रत्येक रेसला: रिंग-पिस्टन. खड्ड्यात खडखड: सस्पेन्शनवाला. गाडी एका बाजूला ओढते: टायरची हवा, मग बुश-बॉल जॉइंट, आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट. ढिल्या बुशवर केलेलं अलाइनमेंट आठवडाभरही टिकत नाही, तरी लोक आधी तेच करून येतात.

जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आणखी एक गोष्ट. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात इथेनॉल काय ते कुणाला सांगायला नको. कार्ब्युरेटरच्या आणि सुरुवातीच्या इंजेक्शनच्या गाड्यांचे रबरी पाइप आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे मूळ पाइप अजून तसेच असतील तर तडे, फुगवटा आणि वास यांची तपासणी मुद्दाम सांगून करून घ्या.

टप्पा ५: माणूस शोधा

फलक पाहून, किंवा "सोलापुरात बेस्ट मिस्त्री कोण" असं विचारून माणूस सापडत नाही. मारुती ८०० चा कार्ब्युरेटर डोळे झाकून बसवणारा कारागीर डिझेलच्या इंजेक्शनसमोर गोंधळू शकतो, आणि उलटही. विचारायचं ते असं: "माझ्या मॉडेलच्या, याच तक्रारीच्या गाड्या कोण करतो?"

विचारायची ठिकाणं, माझ्या पसंतीच्या क्रमाने:

१. स्पेअर पार्टचं काउंटर. इथे जा आणि एकच प्रश्न विचारा: "कुठला मिस्त्री सामान परत कमी आणतो?" अंदाजाने पार्ट टाकणारा माणूस न लागलेला पार्ट परत करायला येतो. तपासून टाकणारा येत नाही. काउंटरवाल्याला हे तोंडपाठ असतं, पण कुणी विचारत नाही. दुपारच्या निवांत वेळी जा, सकाळी दहाच्या गर्दीत तो उत्तर देणार नाही.

२. लेथ आणि बोरिंगवाले. कुणाकडची हेडं पुन्हा पुन्हा येतात आणि कुणाकडची एकदाच, हे त्यांना कळतं. नाव थेट सांगणार नाहीत, "तुमची स्वतःची गाडी कुणाकडे देता?" असं विचारा.

३. त्याच मॉडेलवर पोट भरणारे लोक. ओम्नी-ईकोसाठी शाळेच्या व्हॅनवाले. बोलेरो, सुमोसाठी अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर भाविकांची ने-आण करणारे चालक. एक दिवस गाडी उभी राहिली तर त्यांचं भाडं बुडतं, म्हणून त्यांचा मिस्त्री चाळणीतून निघालेला असतो.

४. एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले कारागीर आणि आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा विषय शिकवणारे निदेशक. जुनं डिझेल, ब्रेक आणि कार्ब्युरेटर यांसाठी. ते स्वतः काम घेतील असं नाही, पण गाडीकडे पाहून दिशा देतात.

५. कंपनीचं सर्व्हिस सेंटर. त्यांच्याकडे कंपनीचा स्कॅनर असतो, आणि गाडी पूर्वी तिथे जात असेल तर जुनी नोंदही निघते. अडचण ही की वीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलवर हात बसलेला माणूस तिथे उरलेला असतोच असं नाही. फक्त तपासणीचं जॉब कार्ड करायला सांगा आणि त्यावर "तपासणीखेरीज कोणतंही काम विचारल्याशिवाय करू नये" असं लिहून घ्या.

पुणे-हैदराबाद महामार्ग इथून जातो, म्हणून डिझेल पंप, पाटे, रेडिएटर, सेल्फ-डायनॅमो यांचे कारागीर सोलापुरात आहेतच. अडचण येते ती बंद पडलेल्या परदेशी मॉडेलांची आणि कंट्रोल युनिटच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, दुरुस्तीची. अशा वेळी गाडी पुण्याला ओढत नेण्याआधी इथे मोजमापं करून घ्या आणि तिथल्या तज्ज्ञाला आकडे, कोडचा फोटो, व्हिडिओ पाठवा. अडीचशे किलोमीटर टोइंगचा खर्च त्या एका संदेशाने वाचू शकतो.

वेळेचंही बघा. ऊस गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रकची कामं पंप-नोझलवाल्यांकडे ढिगाने असतात. आणि संक्रांतीला गड्डा यात्रेच्या दिवसांत कुणी "उद्या देतो" म्हणालं तर तो उद्या आठवडाभर लांबचा धरा.

टप्पा ६: गाडी देण्याआधीचे चार प्रश्न

सोलापुरात मिस्त्री अण्णा असतील, चाचा असतील, मामा असतील. आदराने बोला, पण प्रश्न सोडू नका.

"अण्णा, गरम झाली की पिकअप सोडते."
"पंप गेलाय साहेब. टाकू का?"
"प्रेशर बघायचं का आधी? तपासायचे वेगळे देतो."

इथे समोरच्याचा चेहरा वाचा. "बघू की, गेज लावतो," म्हणाला तर योग्य ठिकाणी आलात. "वीस वर्षं झाली या धंद्यात, मला गेज लागत नाही," म्हणाला तर चहा पिऊन निघा.

चार प्रश्न हे:

- बिघाड नेमका हाच, हे कशाने सिद्ध करणार?
- तपासणीची मजुरी किती? काम तुमच्याकडे केलं नाही तरी देईन.
- पार्ट टाकूनही तक्रार राहिली तर पार्ट परत निघेल का? इलेक्ट्रिक सामान बहुतेक दुकानं परत घेत नाहीत, म्हणून हे आधीच विचारायचं.
- ट्रायलला मी सोबत बसू शकतो का?

तपासणीचे पैसे द्यायला हात आखडता घेऊ नका. "बघायचे कसले पैसे?" ही आपली सवय मिस्त्रीला पार्टवरच कमवायला लावते, आणि मग पार्ट टाकले जातात.

मिस्त्री आणि हेल्पर आपसात तेलुगू, कन्नड किंवा दखनीत बोलले तर त्यात गैर काही नाही. शेवटी मात्र "काय सापडलं ते मराठीत सांगा" म्हणा आणि ते त्यांच्यासमोर वहीत लिहा. लिहिलं जातंय म्हटल्यावर माणूस तोलून बोलतो.

टप्पा ७: गाडी ज्या स्थितीत बिघडते, त्याच स्थितीत न्या

सकाळची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला लावा आणि सकाळी मिस्त्रीच्या हातानेच पहिला सेल्फ मारू द्या. घरून चालवत नेली की इंजिन गरम, तक्रार गायब, आणि मिस्त्री तुम्हालाच वेड्यात काढणार. गरम झाल्यावरची तक्रार असेल तर उलट: दुपारी अर्धा तास फिरवून थेट गॅरेजसमोर न्या. वेगातली तक्रार गल्लीतल्या ट्रायलमध्ये दिसत नाही. बाळे भागाच्या पुढे महामार्गावर न्यावीच लागते.

सोबत आरसीचा फोटो ठेवा. चेसिस नंबर आणि बनावटीचा महिना-वर्ष लागतोच. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये मधल्या वर्षी सेन्सर आणि पंप बदललेले असतात, आणि "दिसायला सेम" पार्ट बसतो, पण चालत नाही.

सर्वांत मोठी चूक: आपण निदान सांगणं. "माझ्या मेहुण्याने सांगितलं इंजेक्टर आहे" असं म्हणालात की बरेच मिस्त्री इंजेक्टरच बघतात. वहीतली लक्षणं वाचून दाखवा आणि गप्प बसा.

टप्पा ८: स्कॅनर लावल्यावर काय मागायचं

स्कॅनरबद्दल दोन गैरसमज आहेत: तो सगळं सांगतो, आणि तो कुठल्याही गाडीला लागतो.

कार्ब्युरेटरच्या गाडीला वाचण्यासारखं काही नसतं. भारतात ओबीडीचा (गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून कोड साठवायच्या पद्धतीचा) पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये लागू झाला, म्हणून त्याआधीच्या इंजेक्शन गाड्यांना बऱ्याचदा त्या त्या कंपनीची भाषा समजणारा स्कॅनर लागतो. मोबाईलला जोडायचं स्वस्त ब्लूटूथ उपकरण नव्या गाड्यांत चालतं. जुन्यांत चाललं तर नशीब.

कोड हा पार्टचं नाव सांगत नाही, तो दिशा दाखवतो. उदाहरणार्थ पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. कारण काय? फाटलेला व्हॅक्यूम पाइप, चोक झालेला पेट्रोल फिल्टर, कमी पडणारा पंप, मळलेला हवेचा सेन्सर. "कोड आला, ऑक्सिजन सेन्सर टाका" हे वाक्य म्हणूनच महागात पडतं.

मागायचं काय:

१. सगळे कोड, पुसण्याआधी, स्क्रीनच्या फोटोसह.
२. कोड पुसल्यावर, गाडी फिरवून, कुठले परत आले? फक्त जुने आणि परत न येणारे कोड सोडून द्यायचे.
३. इंजिन चालू असताना दिसणारे आकडे: कुलंटचं तापमान, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलची भरपाई (फ्युएल ट्रिम).
४. संशयित पार्टची वायर, सॉकेट आणि अर्थ तपासली का? उंदरांनी कुरतडलेली वायर सेन्सरच्या नावावर खपते.

इशारा: "ईसीएम गेलाय" असं ऐकलं तर त्या कंट्रोल युनिटला येणारा करंट आणि अर्थ मोजून दाखवायला सांगा. ते दाखवल्याशिवाय ईसीएमला हात लावू देऊ नका.

टप्पा ९: मोठं काम सांगितलं तर दुसरं मत

हाफ इंजिन, फुल इंजिन (अर्धं किंवा पूर्ण इंजिन खोलून दुरुस्ती), डिझेल पंप, गिअरबॉक्स, ईसीएम. या पाच शब्दांपैकी एक कानावर पडला की त्या दिवशी होकार द्यायचा नाही. गाडी खोलण्याआधी थांबा, कारण खोललेली गाडी दुसऱ्याकडे नेता येत नाही आणि सौदा तिथेच संपतो.

इंजिन खोलायचं म्हणाले तर कॉम्प्रेशनचे (सिलिंडरमधल्या दाबाचे) आकडे मागा, प्रत्येक सिलिंडरचा वेगळा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली, या स्थितीत मोजलेले. पेट्रोल इंजिनात सिलिंडरांतला फरक दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच पुढे विचार करा. मग कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंग-पिस्टन. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट, म्हणजे काम हेडपुरतं आटोपू शकतं. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा आकडा एकदमच पडला असेल तर त्या दोघांमधलं गॅस्केट फुटल्याचा संशय. पाच-दहा मिनिटांच्या या जोड तपासणीवर हाफ की फुल, हा निर्णय फिरतो.

हेड गॅस्केट म्हणाले तर रेडिएटरच्या पाण्यात जळालेला वायू येतोय का, याची चाचणी आणि रेडिएटरला हातपंपाने दाब देऊन केलेली चाचणी मागा. डिझेल पंप म्हणाले तर आधी फिल्टर, नळ्या आणि एअर, आणि पंप उतरवलाच तर कॅलिब्रेशन बेंचवरचा कागद.

दुसऱ्या मिस्त्रीकडे जाताना पहिल्याचं निष्कर्षाचं वाक्य सांगू नका. लक्षणं आणि आकडे द्या. तो स्वतःहून त्याच जागी आला तर समजा दिशा बरोबर. आला नाही तर त्याला विचारा, "हा आकडा मग कशामुळे?" दोघांपैकी ज्याचं म्हणणं सगळ्या लक्षणांना लागू पडतं, त्याच्याकडे काम.

इथेच हिशेबही करून घ्या. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं, आणि त्यासोबत पर्यावरण कर. मुदत जवळ आली असेल तर आरसीवरची तारीख आधी बघा आणि नूतनीकरण मुदत संपण्याआधी उरका. इंजिनवर मोठी रक्कम घालून मग पत्रा, ब्रेक आणि धूर यांवर गाडी अडली तर दोन्हीकडून तोटा.

टप्पा १०: होकार, काम आणि ट्रायल

एका वेळी एकच बदल. प्लग, कॉइल आणि पंप एकदम टाकले आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली ते कधीच कळणार नाही, आणि तीच तक्रार परत आली की पुन्हा पहिल्यापासून. अपवाद एवढाच: क्लच किंवा टायमिंग बेल्टसारखं काम, जिथे खोलायची मजुरीच मोठी असते. तिथे बेल्टसोबत टेन्शनर आणि वॉटर पंप बदलणं शहाणपणाचं.

होकार लिहून द्या; मोबाईलवरचा संदेश चालतो. पार्टचं नाव, ओरिजिनल की दुसऱ्या कंपनीचा, किंमत, मजुरी. "यापेक्षा जास्त निघालं तर आधी फोन" हे वाक्य त्यात हवंच. जुना पार्ट परत मागा आणि डिकीत टाका. तो पाहून दुसरा माणूस सांगू शकतो की पार्ट खरंच गेला होता का.

ट्रायल तक्रारीच्या स्थितीतच घ्यायची. गरम होण्याची तक्रार होती तर दुपारी, एसी लावून, लांबवर. सकाळच्या सेल्फची होती तर गाडी रात्रभर उभी ठेवून, दुसऱ्या दिवशी. संध्याकाळी सहा वाजता गॅरेजसमोर मारलेली एक चक्कर ट्रायल नव्हे. पूर्ण मजुरी एकदम देण्याऐवजी "दोन दिवस चालवून उरलेले देतो" असं आधीच ठरवलं असेल तर कुणाला राग येत नाही. काम झाल्यावर काढलं तर येतो.

आठ दिवसांनी पुन्हा तेच करा: गार इंजिनला कुलंट आणि ऑइलची पातळी, बॅटरीचे तीन आकडे, रात्रभर रद्दीचे कागद. किलोमीटर लिहा. तक्रार परत आली तर त्याच मिस्त्रीकडे, वही आणि जुना पार्ट घेऊन जा. त्याने मोजमापं करून काम केलं असेल तर एक शक्यता बाद झालेली असते आणि तो पुढच्या शक्यतेपासून सुरू करू शकतो. नव्या माणसाकडे गेलात तर तो पुन्हा प्लग-कॉइलपासून सुरू करणार.